आईबाबांना घेऊन दिवाडी बेटावर एक निवांत दिवस, जमेल का?

कर्वेनगरचा_ड्रायव्हर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईबाबा, बायको आणि ८ वर्षांची लेक असं सगळ्यांना घेऊन पुण्याहून गोव्याला जायचं ठरतंय, आपलीच गाडी नेणार. बाबा ७४, निवृत्त शाळामास्तर. आई ६९, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालते पण पायऱ्या नको म्हणते. पणजीत ३ रात्री राहायचं.

आमचं गोवा म्हणजे आत्तापर्यंत एकच, २००९ ला टूरच्या बसनं केलेलं. सकाळी ७ ला उठवायचे, मंगेशी अर्धा तास, शांतादुर्गा अर्धा तास, चर्च वीस मिनिटं, बीच, परत बस. आईला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, फक्त पाय दुखलेले आठवतात. यावेळी तसं करायचं नाहीये. एक अख्खा दिवस असा हवाय की कुठंतरी छान गावात जायचं, बसायचं, थोडं बघायचं आणि घाई नको.

आता दिवाडीच का ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मडगावहून ट्रेननं येताना करमळी स्टेशन सोडलं आणि मोठा पूल लागला, खाली मांडवी, मग एकदम सपाट शेतं, बांध, नारळ, लांब टेकडीवर एक पांढरं चर्च, आणि दोन-तीन मिनिटांत परत पाणी. बाबा खिडकीत होते, म्हणाले हे कुठलं गाव रे, स्टेशन कसं नाही इथं. मी मॅप उघडून बघितलं तर ते बेट निघालं, दिवाडी, ज्याला इंग्रजी पाट्यांवर दिवार लिहितात. तेव्हापासून बाबा दर दोन महिन्यांनी विचारतात त्या बेटाचं काय झालं.

तर प्रश्न असे. फेरीबोटीत स्वतःची कार घालता येते का, आईबाबांना सोसेल का? बेटावर बघण्यासारखं नक्की काय आहे की तासाभरात कंटाळा येईल? जेवणाचं काय? डिसेंबरमध्ये मार्गशीर्ष असणार, त्यामुळे आई गुरुवारीच काय पण महिनाभर मांसाहार करत नाही. ज्यांनी खरंच जाऊन बघितलंय त्यांनी सांगा, यूट्यूबवरचे व्हिडिओ सगळे ड्रोनचेच आहेत, त्यात बसायला जागा कुठं आहे ते काही कळत नाही.

मूळची_फोंड्याची

दादा, माझं माहेर फोंडा, गेली १४ वर्षं वारज्यात राहते आणि तुमचा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण गोव्याचा प्रश्न म्हणजे बीच कुठला आणि हॉटेल कुठलं एवढंच लोक विचारतात.

आधी तारीख बदला. ३ डिसेंबरला ओल्ड गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं आणि त्याच्या आधी ९ दिवस नोव्हेना (रोजच्या प्रार्थना), म्हणजे २४ नोव्हेंबरपासूनच तिथं रोज हजारो माणसं, जत्रा, दुकानं, गाड्या लावायला जागा नाही. दिवाडीची मुख्य फेरी त्याच ओल्ड गोव्यातून सुटते. फेस्त बघायला यायचं असेल तर जरूर या, मला स्वतःला ते फार आवडतं, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन निवांत दिवस हवा असेल तर १० तारखेच्या पुढं या आणि नाताळच्या आधी परत जा. आणि शनिवार-रविवार टाळा.

बेटावर पूल नाही, हे लक्षात घ्या. तुम्हाला दिसला तो फक्त रेल्वेचा. रस्त्यानं जायचं तर फेरीच. ओल्ड गोव्याहून एक, साव पेद्रूहून एक (रायबंदर आणि ओल्ड गोवा यांच्या मधे आहे ते) आणि पलीकडे डिचोली तालुक्यात नार्व्याहून एक. पाच-दहा मिनिटांत पार. चालत जाणाऱ्यांना आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, कारला थोडेसे पैसे होते, त्यात बदल होत असतात म्हणून सुटे ठेवा. पूल नाही म्हणूनच ते गाव अजून गाव राहिलंय असं माझे वडील म्हणायचे. तिथल्या लोकांना रात्रीबेरात्री दवाखान्यात जायचं तर फेरीचीच वाट बघावी लागते, तेही खरंच आहे, त्यामुळे पूल हवा की नको यावर आपण बाहेरच्यांनी बोलू नये असं मला वाटतं.

आता बघायला काय. ओल्ड गोव्याच्या धक्क्यावर जाताना व्हाइसरॉयची कमान लागते, तिच्यावर वास्को द गामाचा पुतळा आहे, त्याच्या पणतूनं व्हाइसरॉय असताना उभारली. तिच्यातून खाली गेलं की धक्का. पलीकडं उतरलात की दोन्ही बाजूंना खारफुटी आणि मधून सरळ रस्ता, मग पिएदाद गाव. तिथल्या टेकडीवर ते पांढरं चर्च, गाडी वरपर्यंत जाते, आईंना चढायला लागणार नाही. वरून अख्खी मांडवी दिसते आणि ओल्ड गोव्याची चर्चं झाडांतून डोकं काढून उभी दिसतात. चर्चच्या शेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे, त्यात कदंब राजांच्या काळातल्या देवळाचे कोरीव दगड अजून आहेत. बाबांना ते नक्की दाखवा, पण हळू आवाजात, तिथं गावातल्यांची माणसं पुरलेली आहेत.

बाकी बघायचं म्हणजे घरं आणि शेतं. जुन्या घरांना पुढं बाल्कांव असतो, म्हणजे दारापुढची पायऱ्यांवरची बसायची जागा, दोन्ही बाजूंना सिमेंटची बाकं, संध्याकाळी घरातली म्हातारी माणसं तिथं बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. सकाळी पोदेर म्हणजे पाववाला सायकलवरून भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोई घ्या, ती कोंड्याची चपटी पोकळ असते, आणि लेकीला काकणं घेऊन द्या, बांगडीसारखा कडक पाव, चहात बुडवून खायचा.

डबल_सीट

कार नेऊ नका एवढंच सांगीन. बेटावरचे रस्ते एका गाडीचे आहेत, समोरून टेम्पो आला की रिव्हर्स घ्यावा लागतो. आम्ही दोघं स्कूटर भाड्यानं घेऊन गेलो होतो, कुठंही थांबता येतं, बांधावर लावता येते, मजा तीच. फक्त काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देतात आणि मग पोलिसांनी अडवलं की दंड आपल्याला. पेट्रोल पणजीतच भरून घ्या.

मूळची_फोंड्याची

@डबल_सीट अहो ६९ आणि ७४ वर्षांची माणसं स्कूटरवर कुठं बसवणार? त्यात आईंचा गुडघा. कारच न्या हो दादा, सावकाश चालवा, समोरच्याला आधी जाऊ द्या. गावातले लोक हात करून सांगतात कुठं वळवायची ते.

शिलालेखवाला

वडील शिक्षक होते म्हणताय म्हणून मुद्दाम लिहितोय. दिवाडीला जाणारी बहुतेक माणसं चर्च बघून, फोटो काढून त्याच फेरीनं परत येतात आणि अर्धी गोष्ट सोडून येतात. उरलेली अर्धी नदीपलीकडं आहे.

सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेला असं बिरुद कोरलेलं सापडतं, एवढं ते दैवत मोठं. मूळ देऊळ या दिवाडी बेटावरच होतं. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत ते पहिल्यांदा मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभं केलं, आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडलं. नंतर भाविकांनी लिंग गुपचूप नदीपार नेलं, तेव्हा तो मुलूख पोर्तुगिजांचा नव्हता. बेटावरची जुनी जागा ती नारवे आणि पलीकडं लिंग नेऊन ठेवलं तेही नार्वे, म्हणजे नदीच्या दोन्ही काठांना एकच नाव. माणसं देव घेऊन गेली तशी गावाचं नावही घेऊन गेली, मला हे प्रत्येक वेळी फार लागतं.

आणि त्या पलीकडच्या नार्व्याचं देऊळ १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी नव्यानं बांधायला घेतलं. शिलालेख देवळावरच आहे, शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार, श्रीशिवराजांच्या आज्ञेनं देवालयाचा प्रारंभ, असा मजकूर. पुण्यात आपण महाराजांचे किल्ले बघत मोठे होतो, पण त्यांनी नव्यानं उभं केलेलं देऊळ बघायला गोव्यात जाणारे फार थोडे. मधे दुरुस्तीचं मोठं काम झालं आणि २०२३ च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा खुलं झालं. पोफळींच्या सावलीत, सखल जागी, थंडगार. समोर दीपमाळ. लिंगही वेगळं आहे, गुळगुळीत गोल नाही, पैलू पाडलेलं, धारालिंग म्हणतात त्याला.

बेटावर जुन्या देवळाच्या बाजूला कोटितीर्थ नावाची तळी आहे, ती बघा आणि मग नार्व्याची फेरी धरून पलीकडं जा. म्हणजे देव ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं तुम्ही जाल.

कर्वेनगरचा_ड्रायव्हर

ताई आणि शिलालेखवाले काका, खूप खूप धन्यवाद. बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले पलीकडच्या फेरीचं नक्की कर. तारीख पण बदलली, आता ११ ते १४ डिसेंबर.

एक भीती आहे ती सांगतो. मी फेरीत कधी गाडी घातलेली नाही. तीन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका जेटीवर रॅम्प चढताना पुढच्या गाडीनं मधेच ब्रेक मारला, माझी मागं सरकली आणि बंपर गेला, मागं माणसं उभी होती, नशीब कुणाला लागलं नाही. तेव्हापासून पाण्याजवळचा उतार दिसला की हाताला घाम येतो. त्यात आईबाबा गाडीत असणार.

आणि जेवणाचं कुणी सांगितलं नाही.

सह्यभटक्या

फेरीत गाडी घालायची पद्धत अशी. आधी धक्क्यावर रांगेत लावा, घाई करू नका, स्कूटरवाले दोन्ही बाजूंनी घुसतात त्यांना घुसू द्या. फेरी टेकली की आधी आतल्या गाड्या बाहेर येतात, मग माणसं आणि दुचाक्या चढतात, मग फेरीवरचा माणूस हात करतो तेव्हाच निघायचं. पहिला गिअर, हाफ क्लच, एकसारखं ॲक्सिलरेटर, मधे थांबायचं नाही. म्हणजे पुढची गाडी पूर्ण आत जाईपर्यंत आपण रॅम्पवर चढायचंच नाही, मागच्यानं हॉर्न वाजवला तरी. आत गेल्यावर हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद.

आईबाबांना आधीच खाली उतरवून चालत चढवा. गाडीत बसून फेरी करण्यात काही मजा नाही, कठड्याला धरून उभं राहिलं की वारा लागतो, आणि तुमचं अर्धं टेन्शन कमी होतं. धक्क्याच्या टोकाला जिथं पाणी येतं तिथं शेवाळं असतं, आईंना तिथं हात द्या, चपला घसरणाऱ्या नको. ओहोटीला उतार जास्त तिरका असतो, भरतीला जवळपास सपाट. त्यामुळे भरतीच्या आसपासची वेळ धरता आली तर धरा, भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर मिळतो.

शेवटची फेरी किती वाजता ते मात्र उतरतानाच विचारून घ्या, दोन्ही बाजूंना. आणि लेकीला पाण्यात पाय घालू देऊ नका, शेजारच्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत.

मूळची_फोंड्याची

जेवणाचं राहिलंच. दिवाडीवर खाणावळी अगदी मोजक्या आणि दुपारी गाव झोपतं, १ ते ४ दुकानं बंद, हे गृहीत धरा. आईंचं शाकाहारी म्हणून सकाळी पणजीतच भरपेट नाश्ता करा, कुठल्याही जुन्या कॅफेत पातळ भाजी-पाव, मिरची भजी, बन मिळतात, बन म्हणजे केळं घातलेली गोडसर पुरी. आणि दुपारसाठी डबा बांधून घ्या. पुण्याहून येताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणली तर उत्तमच, पहिल्या दोन दिवसांत संपवू नका एवढंच. पोईबरोबर शेंगदाण्याची चटणी, वर थोडं तेल, मी अजूनही माहेरी गेले की हेच खाते आणि माझी आई हसते.

गुरुवारच्या पूजेची काळजी आईंना असेल तर सांगा की फोंड्यात, डिचोलीत सगळीकडं मार्गशीर्ष पाळतात, फुलं, केळी, विड्याची पानं सगळं बाजारात मिळतं.

बगळ्यांची_माळ

पक्षी बघायचे असतील तर दिवाडीच्या ऐवजी चोडण घ्या. रायबंदरहून फेरी, उतरल्या उतरल्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य, १.७८ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. होडीतून फिरता येतं. पण एका दिवसात दोन्ही बेटं करू नका, मी केलंय, दोन्हीकडं फेरीच्या रांगेतच दिवस गेला.

तसे पक्षी दिवाडीलाही भरपूर. तुम्ही जाल तेव्हा भात कापून झालेला असणार, त्यामुळे ट्रेनमधून दिसलेला हिरवागार रंग मिळणार नाही, तो ऑगस्ट-सप्टेंबरचा. डिसेंबरला शेतं पिवळी, मधेमधे पाणी साठलेलं, आणि त्यात बगळे, टिटव्या, विजेच्या तारेवर खंड्या, वर ब्राह्मणी घारी. मला स्वतःला ती पिवळी शेतंच जास्त आवडतात.

बाबांना खाजन शेती समजून घ्यायला आवडेल बहुतेक. ती जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी चिखलाचे बांध घालून खारं पाणी अडवलं आणि बांधात मानस बसवली, म्हणजे लाकडी दारं. भरती आली की पाण्याच्या दाबानं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतं. मोटर नाही, वीज नाही. पावसाळ्यात कोरगुटसारखा खारं सोसणारा भात, नंतर त्याच पाण्यात मासे, कोळंबी. बांध फुटला की खारं पाणी आत आणि काही वर्षं शेत वाया, म्हणून बांध सांभाळणं हे अख्ख्या गावाचं काम असायचं. ओल्ड गोव्याच्या बाजूच्या रस्त्यावरून जाताना ज्या बांधावरून तुम्ही गाडी चालवता त्याच्याकडं जरा त्या नजरेनं बघा.

मांडवीकाठ

मी दिवाडीचाच, नोकरीला पिंपरीत. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, देव बरें करूं. एकच विनंती. आमच्या घरांच्या बाल्कांवात जाऊन फोटो काढू नका, विचारून काढा. माझी आजी ८८ वर्षांची, तिच्या बाकावर कुणीतरी येऊन पाय वर घेऊन रील करत होतं, ती आतल्या खोलीत जाऊन बसली. ती घाबरली होती. विचारलं असतं तर तिनंच खुर्ची आणून दिली असती. ड्रोन पण नको, गुरं बिथरतात.

पुन्हा कधी यायचं तर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा बघायला या, पिएदादला. पूर्वी वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं व्हायची, हद्दीवर झेंडे लावायचे, ते दुसरे येऊन पाडायचे, त्याची आता मिरवणूक झालीय, प्रत्येक वाड्याचा झेंडा. मुलं बांबूच्या फोटाशीतून (खेळण्यातली बंदूक) तेफळं म्हणजे तिरफळं मारतात, आम्ही पण मारायचो. गर्दी खूप असते, आईबाबांना आणू नका, तुम्ही या.

कर्वेनगरचा_ड्रायव्हर

आलो मंडळी परत, काल रात्री. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सगळं सांगितलं नाही तर चैन पडणार नाही म्हणून आज ऑफिसला जायच्या आधी लिहायला बसलोय.

दिवाडी शेवटच्या दिवशी ठेवलं. पणजीतून सामान घेऊनच निघालो, म्हणजे ओल्ड गोव्याहून बेटावर, बेटावरून नार्व्याला, आणि तिथून डिचोली, साखळी, चोर्ला घाट करत बेळगावला मुक्काम. आल्या वाटेनं परत जायचंच नाही. आईला हे फार आवडलं, म्हणाली प्रदक्षिणा झाली.

फेरीत गाडी घातली. सह्यभटक्यांनी लिहिलं तसंच केलं, आईबाबा आणि लेक आधी चालत चढले, मी पुढची गाडी आत जाईपर्यंत थांबलो, मागून दोनदा हॉर्न वाजला, तरी थांबलो. आत गेल्यावर हँडब्रेक ओढला आणि बघितलं तर लेक कठड्याजवळून टाळ्या वाजवत होती. आठ मिनिटं लागली असतील पलीकडं जायला. आई पदर डोक्यावरून घेऊन वाऱ्यात उभी, आणि मागं ती ओल्ड गोव्याची चर्चं लहान लहान होत गेली.

चर्चवर आम्ही सव्वा तास होतो. टूरमध्ये वीस मिनिटं मिळाली असती. बाहेरच्या कठड्यावर सावली होती तिथं आई बसली आणि उठेचना, तिचं तिचं नदीकडं बघत होती, मधे एकदा म्हणाली बार्जेस मोज गं, तर लेकीनं मोजल्या. दफनभूमीतलं चॅपेल बाबांनी बघितलं, मी लांबच थांबलो. दगडावर हात ठेवून उभे होते ते.

मग खाली उतरून गावातून हळूहळू. मांडवीकाठ, तुमची विनंती लेकीला वाचून दाखवली होती, त्यामुळे एका घरापुढं ती स्वतःच गेली आणि बाल्कांवातल्या आजींना विचारलं मी तुमच्या मांजराचा फोटो काढू का. आजींनी आत बोलावलं, पाणी दिलं, आईला बाकावर बसवलं आणि त्या कोकणीत आणि आई मराठीत असं अर्धा तास गुडघ्यांवर बोलणं झालं, कुठलं तेल, कुठला डॉक्टर, पायऱ्या कशा उतरायच्या. त्यांचंही ऑपरेशन झालंय. निघताना आईच्या पिशवीत कोकमं. त्यांचा फोटो आम्ही काढला नाही, आईला काढावासा वाटला नाही.

दुपारचं जेवण शेताकडेच्या एका मोठ्या आंब्याखाली, दशम्या, चटणी आणि सकाळी पोदेराकडून घेतलेल्या पोया. समोर रेल्वेचा भराव दिसत होता. बाबांनी खुर्ची तिकडं तोंड करून मांडायला लावली, गाडीत फोल्डिंगची खुर्ची होती. पाऊण तास काही आलं नाही. मग एक मालगाडी गेली. मग परत बराच वेळ काही नाही, लेक झोपली, आई पण चटईवर आडवी झाली. आणि पावणेतीनच्या सुमारास एक लांबलचक पॅसेंजरची गाडी आली, करमळीच्या बाजूनं. बाबा उठून उभे राहिले. मला म्हणाले, आपण त्या डब्यात होतो. कुठल्या खिडकीत कोण बसलं होतं ते पण सांगितलं त्यांनी.

मानस पण बघितली, दार अर्धवट उघडं होतं आणि पाणी बाहेर जात होतं, म्हणजे ओहोटी चालू होती. बाबांनी लेकीला काडी टाकून दाखवली पाणी कुठल्या दिशेनं जातं ते. आता ती म्हणते बाथरूमच्या नळाला पण मानस लावू.

कोटितीर्थाजवळ थोडा वेळ थांबलो आणि मग नार्व्याची फेरी. इथं गर्दी अजिबात नाही, आमची एक कार आणि चार स्कूटरी. पलीकडं देऊळ साडेचारला गाठलं. काका, तुम्ही सावलीचं लिहिलं होतं ते खरंय, गाडीतून उतरल्या उतरल्या गारवा लागतो. आईला थोडं उतरावं लागलं पण माझा हात धरून नीट उतरली.

बाबा आधी देवाला गेले नाहीत, शिलालेखापाशी गेले. चष्मा पुसून अक्षर न् अक्षर वाचलं. मग नातीला बोलावलं आणि म्हणाले, शकात ७८ मिळव. ती बोटांवर करायला लागली, हातचा चुकला, परत केलं, आणि मग ओरडून म्हणाली १६६८. ३४ वर्षं मुलांकडून गणितं करून घेतलेला माणूस, पण त्यांचा असा चेहरा मी घरी कधी बघितला नव्हता. मग सगळे आत गेलो, ते पैलूचं लिंग बघितलं, आईनं सकाळपासून ओल्या रुमालात जपून आणलेली फुलं वाहिली.

चोर्ल्याला अंधार पडला, रस्ता काही ठिकाणी खराब आहे, घाटात जपून चालवा. बेळगावला साडेआठ.

काय जमलं नाही तेही लिहितो. दुपारी बाथरूमची पंचाईत झाली, बेटावर सार्वजनिक सोय आम्हाला सापडली नाही, त्याच आजींच्या घरी परत जावं लागलं, त्यांनी आनंदानं जाऊ दिलं पण आईला संकोच वाटला. म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर फेरी धरायच्या आधी ओल्ड गोव्यात जाऊन घ्या. आणि पाणी जास्त न्या, आमचं ४ लिटर दुपारीच संपलं, डिसेंबर असूनही ऊन चांगलंच लागतं.

शिलालेखवाला

शकात ७८ मिळव हे वाचून डोळे भरून आले हो. बाबांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी त्यांना डिचोलीजवळच्या कुडण्याला न्या, तिथं जुन्या जैन देवळाचे अवशेष आहेत.

मांडवीकाठ

मांजर पिवळं होतं का? पिवळं असेल तर ते घर माझ्या मावशीचं.

कर्वेनगरचा_ड्रायव्हर

पिवळंच! शेपटीला पांढरं टोक. मावशींना सांगा आईनं तेल मागवलंय, त्यांनी सांगितलं तेच.

मूळची_फोंड्याची

पोया आणल्या की नाही पुण्याला?

कर्वेनगरचा_ड्रायव्हर

डझनभर आणल्या ताई, बेळगावला दोन संपल्या. उरलेल्या कडक झाल्यात, काय करू?

मूळची_फोंड्याची

पाण्याचा हात फिरवा आणि मंद तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी मिनिटभर. आत वाफ धरली की परत फुगतात. आजच संपवा.